लाट, लाटणं

काळाचौकीला, घाग पोळी-भाजी केंद्रात
मी गेली अकरा वर्षं
रोज चार पोळ्या आणि एक सुकी भाजी घेतो.
हिशेब महिन्याचा. कधी दोन महिन्यांचा.
धंदा माझा शब्दांचा :
कोश छापणाऱ्या एकाकडे मुद्रितं तपासतो,
पानामागे बावीस रुपये,
तेही मागितल्याशिवाय येत नाहीत.

परवा एल अक्षरात होतो.
लॉर्डपाशी बोट अडकलं.

हजार-बाराशे वर्षांपूर्वी हा एक शब्द नव्हताच,
दोन होते, गळ्यात गळा घालून :
हलाफ म्हणजे पाव,
वेअर्ड म्हणजे राखणदार.
पावाचा राखणदार. एवढाच काय तो साहेब.
कोठाराची किल्ली कमरेला,
दारात कुडकुडणारी माणसं,
त्यांना तुकडा तोडून देणारा.
मग तोंडातोंडांतून शब्द झिजला
साबणाच्या वडीसारखा,
आधी पाव विरघळला, मग राखणदार,
उरला एक उच्चार
आणि त्यावर मुकुट.

तो बोटीतून आपल्या धक्क्यावर उतरला
तेव्हा आपण त्याला आणखी घासला : लाट.
लाटसाहेब.
आपल्याला कुठे ठाऊक त्याच्या पोटात पाव होता.
आपल्याकडे लाट समुद्राची,
लाटणं पोळीचं,
आणि लाटणं जमिनीचंही.

चार पानं मागे गेलो. लेडी.
तिथेही हलाफ, आणि पुढे डीगे :
कणीक मळणारी.
हिरे नाहीत, हातमोजे नाहीत,
हात कोपरापर्यंत पिठात.
त्याच घरात तिसरा एक शब्द होता,
पाव खाणारा, म्हणजे पदरचा माणूस, चाकर.
तो शब्द मेला.
खाणारे राहिले.

मुद्रित उघडं टाकून जिना उतरलो.
प्रमिलाबाई घाग परातीवर वाकलेल्या,
तवा धुरावलेला,
पाठीमागे, जिथे त्यांचे यजमान साच्यावर होते तिथे,
लॉर्ड्स क्रेस्ट, त्रेचाळीस मजले.
तिथल्या सव्विसाव्यावर यांच्या पोळ्या जातात,
फुलके म्हणायचं, तेल नको, कडा जळलेल्या नकोत.
पोचवायला त्या स्वतः जातात.
गेटवरचा माणूस रोज तेच सांगतो,
लेडीज लोकांनी मागच्या लिफ्टने.
त्याचा काय दोष, बारा तास उभा असतो,
दुपारी चहात पाव बुडवतो,
वेअर्ड म्हणावा तर खरा तोच.

मी म्हटलं, प्रमिलाबाई, तुम्ही लेडी आहात.
अगदी मूळ अर्थाने.
आणि सगळं सांगितलं, हलाफ, डीगे, हजार वर्षं.
त्यांनी उंडा मोडला, गोळी केली, पिठात दाबली.
"कणीक मळते ती बाई,
हे कळायला तुम्हाला पुस्तक लागलं?"

मग जरा थांबून,
"आणि त्या साहेबाचं काय म्हणालात?
तुकडा तोडून देणारा?"
हनुवटीनेच टॉवर दाखवला.
"मग पाटी चुकली हो तिकडे.
ह्यांनी दिलं कुठे. ह्यांनी लाटलं."
आणि स्वतःच्याच बोलण्यावर अशा हसल्या
की हातातलं लाटणं हललं,
पोळी एका बाजूने लांबली,
कोकणाच्या नकाशासारखी,
ती तशीच तव्यावर टाकली.
ही तुमच्या डब्यात घालते, म्हणाल्या,
वर चालायची नाही.

मी खुशीत होतो.
शब्द बाहेर काढून
उन्हात वाळत घातल्यासारखं वाटत होतं.

"त्या पुस्तकात तुमच्यासाठी काही आहे का?
हा पावाचा राखणदार, ही मळणारी.
तुम्ही कोण?"

तिसरा शब्द मी सांगितला नव्हता.
आताही सांगितला नाही.
कढईत फरसबी चरचरत होती, तिकडे पाहत राहिलो.

प्रमिलाबाईंनी हात फडक्याला पुसले,
फळीवरून वही काढली,
तिच्या कडेवर पिठाची बोटं उमटलेली,
आणि पान न शोधताच म्हणाल्या,
"जुलैचे सोळाशे बारा राहिलेत.
आज ऑगस्टची नऊ तारीख."